मालविकेची परीक्षा आणि आमच्या शाळा

आमच्या हायस्कुलांतून नाटक शिकविले जाते, असा समज शिक्षणखात्यात, पालकवर्गात आणि खुद्द शिक्षकांतही दृढमूल झालेला आहे. हा समज सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही येथे प्रतिपादन करणार आहोत. शाळेत शिकविला जातो तो नाटकाचा उतारा. उताऱ्यावर येणारे प्रश्न शिकविले जातात. त्या प्रश्नांची उत्तरे, आणि उत्तरांत कोणते वाक्य अधोरेखित करावे, हेही शिकविले जाते. इंग्रजीच्या तासाला शेक्सपियर येतो तो कथासार होऊन; संस्कृतच्या तासाला कालिदास येतो तो समासविग्रह होऊन; आणि मराठीच्या तासाला तर या दोघांसही मज्जाव आहे. ज्यास नाटक म्हणतात, म्हणजे दोन माणसे समोरासमोर उभी राहून बोलतात आणि ऐकणारी तिसरी माणसे त्या बोलण्याने आतून हलतात, ती गोष्ट शाळेच्या सबंध वर्षात वर्गाच्या चार भिंतींत एकदाही घडत नाही.

असे म्हणताच आम्हांस उलट विचारण्यात येते, की शेक्सपियर काय, भवभूति काय, ही कॉलेजातील मंडळी. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपुढे त्यांना ओढून आणण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी नाटके वाचलेली नसतात एवढेच त्यावरून सिद्ध होते. ज्युलिएटला चौदावे वर्ष अद्याप पुरे व्हावयाचे आहे. शेक्सपियरच्या हयातीत इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या. ज्युलिएट, डेस्डेमोना, लेडी मॅक्बेथ या भूमिका मिसरूड न फुटलेले मुलगे करीत, आणि ते आमच्या नववी-दहावीतल्या विद्यार्थ्यांहून फारसे मोठे नसत. ज्या वयात लेडी मॅक्बेथ पाठ करून शेकडो लोकांपुढे उभी करता येत होती, त्या वयास ती ऐकणेही झेपणार नाही, हा न्याय आम्हांस कळत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राज्य मंडळाच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात २०१९ साली नाटकाचा एक विभाग आला. त्यात इंग्रजी नाटकाचा थोडका इतिहास व तीन उतारे होते. पैकी एक ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला. त्याच सालच्या मराठी पुस्तकात ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ आणि ‘सुंदर मी होणार’ यांतील वेचे घेण्यात आले. पुस्तके सिद्ध करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याविषयी आम्हांस शंका नाही. पण वेच्याने नाटकाची ओळख होते ही कल्पनाच मुळात फसवी आहे. कविता सबंध छापता येते. कादंबरीच्या चार पानांवरून निदान लेखकाची लेखणी तरी कळते. नाटकाचे तसे नाही. पहिल्या अंकात एक माणूस सहज एक शब्द देऊन जातो आणि चौथ्या अंकात तो शब्द त्याच्या गळ्याशी येतो. यांतला एकच अंक वाचून नाटकाविषयी मत देणे म्हणजे एकाच पक्षाच्या वकिलाचे भाषण ऐकून खटल्याचा निकाल देणे होय.

बरे, ज्या शाळांत सबंध नाटक नेमलेले असते तेथे तरी काय घडते? आयसीएसईच्या शाळांतून ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ किंवा ‘ज्युलियस सीझर’ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावण्याची परंपरा आहे आणि ती स्तुत्य आहे. परंतु त्या शाळांची फी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नसते. आणि तेथेही मुलांच्या हाती बाजारातली मार्गदर्शिका असते, जिच्या डाव्या पानावर मूळ संवाद आणि उजव्या पानावर त्यांचे आजच्या सोप्या इंग्रजीतले रूपांतर. मुलगा उजवे पान वाचतो. परीक्षेत चार पर्यायांपैकी एकावर खूण करतो. शायलॉकने कोर्टात सुरी परजली तेव्हा ग्रॅशियानो काय म्हणाला, हे त्याला ठाऊक असते. त्या क्षणी त्या कोर्टात श्वास रोखला गेला होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि ते सांगून कळणारेही नाही.

‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चा विषय निघालाच आहे, म्हणून जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. त्या नाटकात बॉटम नावाचा एक विणकर आहे. तो, एक सुतार, एक शिंपी, एक भांडी दुरुस्त करणारा, अशी गावची कारागीर मंडळी राजाच्या लग्नात करावयाच्या नाटकाची तालीम रानात जाऊन करतात. नागपूर हे पिढ्यान् पिढ्या विणकरांचे गाव. इतवारीतल्या एखाद्या शाळेत, जेथील कित्येक मुलांचे आजे हातमागावर बसत, तेथे हा तालमीचा प्रवेश बाके बाजूस सारून खरोखरच उभा केला तर बॉटमबुवा कोणास परके वाटतील असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्या मुलांस विचारले जाते ते हे, की बॉटमच्या स्वभावाचे चार विशेष लिहा.

आता संस्कृताकडे वळू. ‘संपूर्ण संस्कृत’ हा विषय विद्यार्थी कशासाठी घेतात हे उघड गुपित आहे. त्यात गुण मिळतात. शाकुंतलाचा एखादा भाग त्या वर्गात आलाच तर कण्वाच्या डोळ्यांतील पाण्यापेक्षा त्याच्या वाक्यातील ल्यबन्त अव्यय अधिक महत्त्वाचे ठरते. हे दुखणे जुने आहे व त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही ते उगाळीत बसत नाही. ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही तो मुद्दा निराळा आहे. संस्कृत नाटक हे केवळ संस्कृतातले नाटक नव्हेच. राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात. स्त्रिया, विदूषक आणि सेवक प्राकृत बोलतात. नायिकेचे गद्य शौरसेनीत आणि तिची पद्ये, तिची गाणी, महाराष्ट्रीत, असा संकेत आहे. शाकुंतलाच्या आरंभी नटी गाते ते महाराष्ट्रीत. शकुंतला कमलपत्रावर नखाने लिहिते ती प्रेमपत्रिका महाराष्ट्रीत. पाचव्या अंकाच्या तोंडाशी हंसपदिकेचे जे गाणे पडद्याआडून ऐकू येते आणि ज्याने दुष्यंतास उगीचच हुरहुर लागते, तेही महाराष्ट्रीत. आणि आमच्या आवृत्त्यांत काय केलेले असते? प्राकृत वाक्याखाली संस्कृत छाया छापलेली असते आणि वर्गात ती छायाच तेवढी वाचतात. म्हणजे शकुंतलेच्या तोंडची तिची स्वतःची बोली काढून घेऊन तिला राजाच्या भाषेत बोलावयास लावले जाते, आणि यास अभिजात नाटकाचे अध्ययन म्हणतात!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, सत्कार झाले, आणि त्यात गैर काही नव्हते. हा दर्जा मागताना ज्या पूर्वपीठिकेचा आम्ही अभिमानाने उच्चार केला ती पूर्वपीठिका म्हणजे ही महाराष्ट्री प्राकृत. दर्जा पदरात पडल्यावर एका तरी शाळेत शकुंतलेचे पद तिच्या बोलीत वाचून, हे शब्द ओळखीचे वाटतात काय, असे मुलांना विचारले गेले असेल तर आम्हांस त्याचा आनंदच आहे. आमच्या कानावर मात्र तसे काही आलेले नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शेक्सपियर, कालिदास, भवभूति, शूद्रक, आणि साधेल तर सोफोक्लीझही, हायस्कुलात मराठीच्या तासाला, मराठी अनुवादातून, सबंध आणि मोठ्याने वाचले गेले पाहिजेत. यास तीन बाजूंनी विरोध होतो व तिन्ही बाजू परस्परांच्या शत्रू आहेत.

पहिला पक्ष इंग्रजीच्या सोवळेकऱ्यांचा. अनुवादातला शेक्सपियर हा शेक्सपियरच नव्हे, असे ते म्हणतात. आम्ही स्वतः इंग्रजीचे पदवीधर आहोत आणि तो कवी मुळातून शिकविण्यावरच आमचा चरितार्थ चालतो. तेव्हा मुळाविषयी आम्हांस आस्था नाही असा आरोप तरी आमच्यावर येऊ नये. पण हायस्कुलात मूळ वाचतो कोण? दर जूनमध्ये कॉलेजात आमच्यापुढे जी मुले येऊन बसतात त्यांना हॅम्लेटच्या अनिश्चयी स्वभावावर दीडशे शब्द लिहिता येतात. त्याचे एक भाषण उभे राहून वाचा म्हटले की माना खाली जातात. त्यांच्या हाती असते ते मार्गदर्शिकेतले मेलेले इंग्रजी गद्य, किंवा फार तर चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी १८०७ साली लहान मुलांकरिता लिहिलेल्या गोष्टी. तेव्हा तुलना करावयाची ती मूळ आणि अनुवाद यांची नव्हे. ते मेलेले इंग्रजी आणि विंदा करंदीकरांचा १९७४ मधला ‘राजा लिअर’, किंवा शिरवाडकरांचा १९५४ मधला ‘राजमुकुट’, यांची. या दोहोंत शेक्सपियरच्या अधिक जवळ कोण, हे करंदीकरांच्या लिअरला वादळात एकदा मोठ्याने ओरडू देऊन मग ठरवावे. जर्मन लोकांनी श्लेगेलच्या भाषांतरातून हा कवी इतका आपलासा केला की तो आमचाच, असे ते म्हणू लागले. श्लेगेलने ते काम १७९७ च्या सुमारास हाती घेतले. आमच्याकडे महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ साली निघाला. म्हणजे आमचीही दीड शतकाहून अधिक वाटचाल झाली आहे. देवलांचा ‘झुंझारराव’ आहे, वासुदेवराव केळकरांची ‘त्राटिका’ आहे, नाना जोगांचा ‘हॅम्लेट’ आहे, पाडगांवकरांचे ‘वादळ’ आहे. एवढी दौलत घरात असता आमचा विद्यार्थी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर उष्ट्यासाठी उभा आहे.

आणि गणपतराव जोशी? शाहूनगरवासी मंडळीच्या या नटाचे शालेय शिक्षण बेताचेच होते. त्यांचा हॅम्लेट पाहावयास मोठमोठे इंग्रजी विद्याविभूषित लोक रात्री जागवीत, आणि तो हॅम्लेट मराठीत बोलत असे. त्यांच्या प्रेक्षकांतल्या बहुसंख्यांना मूळ नाटकाची एक ओळ वाचता आली नसती. आमच्या सोवळेकरी मित्रांच्या हिशेबाने त्या हजारो लोकांनी त्या रात्री शेक्सपियर पाहिलाच नाही!

दुसरा पक्ष अलीकडे जोरावर आहे. शेक्सपियर हे साम्राज्याचे लटांबर आहे, ते फेकून द्यावे, असे तो म्हणतो. या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि तो झाकण्याचे आम्हांस कारण नाही. नागपुरास १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. परीक्षा असत त्या दूर कलकत्त्याच्या विद्यापीठाच्या. वऱ्हाडातल्या खेड्यातून आलेल्या मुलाने इंग्लंडच्या राजांची नाटके पाठ करावी, हा व्यवहार त्या मुलाच्या कल्याणासाठी आखलेला होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा उपयोग यांत फरक असतो. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. आगरकर तेव्हा न्यू इंग्लिश स्कुलात शिकवीत. म्हणजे वाचकहो, हायस्कुलातला एक मास्तर, सरकारी तुरुंगात, अंगात दमा घेऊन, कशात गढला होता? हॅम्लेट मराठीत आणण्यात. ते भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. राज्यकर्त्यांच्या तुरुंगात बसून राज्यकर्त्यांचा कवी ज्याने आपल्या भाषेत ओढून आणला, त्याला साम्राज्याचा हमाल म्हणावयाचे असेल तर म्हणणाऱ्याने आगरकरांचे बाकीचे लेखनही एकदा चाळून पाहावे. शिवाय शेक्सपियर काढून त्याच्या जागी हा पक्ष काय ठेवणार? कालिदास म्हणावा तर तो सरंजामी, भवभूति म्हणावा तर तो ब्राह्मणी. शेवटी राहतो तो पुनश्च उतारा.

तिसरा पक्ष बोलत नाही. तो नुसता नाके मुरडतो. भूत, खून, व्यभिचाराचा संशय, गांधर्वविवाह, हे सारे शाळेत कशाला, असा त्याचा सूर असतो. याच घरांतून संध्याकाळी दूरदर्शन संचावर आणि मुलांच्या खिशातल्या यंत्रावर काय चालते हे आम्ही येथे लिहीत नाही. असो.

आम्हांस या वादांपेक्षा एका निराळ्याच गोष्टीचे दुःख अधिक आहे. इंग्रजीचा तास निराळा, संस्कृतचा निराळा, मराठीचा निराळा, या वाटणीमुळे जी दोन नाटके शेजारी शेजारी ठेवली असता मुलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडावा ती जन्मात एकत्र येत नाहीत. उदाहरण घेऊ. हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकात राजा क्लॉडियस दरबारात नाटक पाहावयास बसतो. समोर जे चालले आहे ते त्याचेच कृत्य आहे, बागेत निजलेल्या राजाच्या कानात विष ओतले जात आहे, हे त्याच्या ध्यानी येते आणि तो दिवे मागवीत उठून जातो. आता ‘उत्तररामचरित’ उघडावे. सातव्या अंकात गंगेच्या काठी राम नाटक पाहावयास बसतो. नाटक वाल्मीकीने रचलेले, प्रयोग अप्सरांचा. समोर जे चालले आहे ते त्याचेच कृत्य आहे. टाकून दिलेली सीता वनात आक्रोश करीत आहे. राम उठून जात नाही. तो प्रत्येक वाक्यागणिक खचत जातो, मध्येच हे नाटक आहे याचा त्याला विसर पडतो, तो तिला आवरावयास धावतो, आणि अखेर मूर्च्छित पडतो. तिकडे राजा, इकडेही राजा. दोघांपुढे स्वतःचा अपराध उभा. एक पळतो, एक कोसळतो. एकाच्या हातून पापाची कबुली निघते ती प्रार्थनेतही अर्धवट. दुसऱ्याला सीता स्वतः येऊन हाताने स्पर्श करते. नाटक माणसाला काय करू शकते, या प्रश्नाची याहून मोठी दोन उत्तरे आम्हांस तरी ठाऊक नाहीत. नववीतल्या मुलांपुढे ही दोन दृश्ये एकाच आठवड्यात वाचावी आणि नंतर शिक्षकाने एक शब्दही बोलू नये. मुलेच बोलतील.

येथे कोणी म्हणेल की रामाकडे अपराधी म्हणून बोट दाखविणे आजच्या वातावरणात शाळेला परवडणार नाही. आम्ही दाखवीत नाही, भवभूति दाखवितो. तिसऱ्या अंकात वासंती नावाची वनदेवता रामाला तोंडावर टाकून बोलते आणि अदृश्य सीता ते ऐकत असते. आणि रामाचा पक्ष घेते ती सीताच. रामावर पराकाष्ठेची भक्ती असलेल्या श्रोत्रिय ब्राह्मणाने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी जे निर्भयपणे लिहिले ते वाचण्याचे धैर्य आज मुख्याध्यापकास होऊ नये, ही गोष्ट भवभूतीस कमीपणा आणणारी नाही.

आणि हा भवभूति कुठला? आपण विदर्भातील पद्मपुराचे, असे तो स्वतःच सांगतो. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणाऱ्या महामहोपाध्याय मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे प्रतिपादन केले. हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, आज गोंदियात आहे. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, हेही मत त्यांनीच हिरिरीने मांडले. तेव्हा नागपूरच्या मुलाला भवभूति वाचावयास लावणे हे त्याला परमुलखात नेणे नसून पाऊण दिवसाच्या सहलीवर नेणे आहे.

हे पदमपूर ज्या प्रदेशात आहे तो सारा झाडीपट्टीचा प्रदेश. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी झाली, दिवाळी उलटली, की मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या जोडीने नाटके सुरू होतात. वडशाच्या कंपन्यांचे फलक गावोगाव लागतात. रात्री दहाला घंटा होते आणि पडदा पडेतो तांबडे फुटते. शेतात अंथरलेल्या पोत्यांवर हजारो माणसे कुडकुडत बसतात आणि होळीपर्यंत हा क्रम चालतो. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, तिकिटाच्या पैशावर, एवढी मोठी नाटकमंडळी पोसणारा दुसरा मुलूख आज महाराष्ट्रात दाखवून द्यावा. तेथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे आमच्या सुशिक्षितांस या रंगभूमीचे नाव नीट उच्चारता येऊ लागले. या नाटकांचा दर्जा उंच आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यांत आरडाओरड पुष्कळ असते, आणि मध्येच घुसडलेली नाचगाणी तर अलीकडे असह्य झाली आहेत. पण अर्जुनी-मोरगावचा वा ब्रह्मपुरीचा एखादा मुलगा आठव्या वर्षापासून बापाच्या घोंगडीत बसून रात्रभर नाटक पाहत आलेला असतो. प्रवेश कोठे चढतो, नट कोठे थांबतो, प्रेक्षक कोठे रडतात, हे त्याला पाठ असते. तोच मुलगा शाळेत येतो आणि तेथे त्याला शिकविले जाते, की नाटकाचे घटक सहा असून ते पुढीलप्रमाणे आहेत. त्याला ते येत नाही. त्याला दहापैकी तीन गुण पडतात. आणि ज्याने जन्मात नाटक पाहिलेले नाही असा नागपुरातला शिकवणीचा विद्यार्थी दहापैकी दहा घेऊन जातो. आम्ही ज्याविरुद्ध लिहीत आहोत तो अन्याय हा आहे. शेक्सपियरचे त्यात काही जात नाही. त्या मुलाचे जाते.

याच विदर्भाची एक राजकन्या कालिदासाच्या पहिल्या नाटकाची नायिका आहे. ‘मालविकाग्निमित्र’ आमच्या शाळांत कोणी वाचीत नाही. वाचले असते तर बरे झाले असते, कारण ते नाटक परीक्षेसंबंधीच आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असे भांडण राजापुढे येते. पंडिता कौशिकी न्यायाधीश नेमली जाते. ती दोघांसही प्रश्नपत्रिका देत नाही. नाट्यशास्त्र हे प्रयोगावर उभे आहे, तेथे नुसत्या वादाने काय ठरणार, असा तिचा अभिप्राय पडतो. आणि ज्याची विद्या शिष्याच्या अंगी उतरलेली दिसेल तो आचार्य मोठा, या कसोटीवर दोघांनी आपापल्या शिष्या रंगभूमीवर आणाव्या असे ठरते. मग दुसऱ्या अंकात मालविका येते, गाते, अभिनय करते, आणि गणदासाची परीक्षा होते. हरदत्ताची पाळी येण्यापूर्वी जेवणाची वेळ होते आणि ती पुढे ढकलली जाते. हा विनोदही शाळेच्या वेळापत्रकाशी परिचय असलेल्यांस विशेष कळेल. याच नाटकाच्या पाचव्या अंकात विदर्भाचे राज्य दोघा चुलत भावांत वाटून दिले जाते आणि हद्द ठरते ती वरदेची, म्हणजे आमच्या वर्धा नदीची. एवढा घरचा ग्रंथ, आणि आमच्या भूगोलाच्या पुस्तकात वर्धा नदी आहे, नाटकाच्या पुस्तकात नाही.

दारव्हेकर मास्तरांनी नागपुरात मुलांना हाताशी धरून नाटके बसविली, ती अद्याप लोकांच्या स्मरणात आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणाऱ्या या नाटककाराच्या नावापुढे ‘मास्तर’ हा शब्द कायमचा जडला याचा अर्थ आमच्या शिक्षणखात्याने कधी लावला नाही. मास्तरास नाटक बसविता येते, ही गोष्ट या शहरात तरी सिद्ध करावयास नको. पण आज शाळेत नाटक उरले आहे ते स्नेहसंमेलनापुरते, आणि तेथेही त्याची जागा सिनेमाच्या गाण्यावरील नाचाने घेतली आहे.

राहता राहिली व्यवहाराची अडचण. वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा होत नाही. हिशेब करू. ‘मॅक्बेथ’ दोन-सव्वादोन हजार ओळींचे नाटक. ‘राजमुकुट’ मोठ्याने वाचावयास अडीच-तीन तास पुरतात. पस्तीस मिनिटांचा एक तास धरला तर पाच तासिका. थांबून समजावून घेण्यास, भूमिका बदलून पुन्हा वाचण्यास याच्या तिप्पट वेळ धरला तरी पंधरा तासिका झाल्या. आठवड्यास मराठीच्या सहा तासिका असतील तर अडीच आठवडे. वर्षातून अडीच आठवडे! आठवीत देवलांचे ‘मृच्छकटिक’ घ्यावे. त्यात चोर आहे, जुगारी आहे, मातीची गाडी आहे, आणि निरपराध माणसाला दागिन्यांच्या पुराव्यावर सुळावर चढविणारे कोर्ट आहे. नववीत ‘राजमुकुट’. अकरावीत हॅम्लेट आणि उत्तररामचरित बरोबरीने. ‘त्राटिके’विषयी आमच्या एका सहकाऱ्यांचा आग्रह असा, की बायकोला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचे ते नाटक आता गाडून टाकावे. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. ते अवश्य नेमावे, आणि शेवटच्या प्रवेशात ती बाई नवऱ्याची थोरवी गाते त्या ठिकाणी पुस्तक मिटून वर्गातील मुलींना बोलू द्यावे.

गुणांची व्यवस्थाही अवघड नाही. नववी-दहावीच्या भाषाविषयांत ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी आहे. हे वीस गुण आज बहुतेक ठिकाणी वहीच्या कव्हरावर आणि हजेरीपटावर खर्च होतात. ते सबंध नाटकाच्या वाचनास द्यावे. पाचपाच मुलांचा गट करावा. प्रत्येक गटाने एक प्रवेश उभे राहून वाचावा. पाठ करण्याची सक्ती नसावी, पण तोंडातून शब्द स्पष्ट निघाला पाहिजे आणि समोरच्या पात्राकडे पाहून निघाला पाहिजे. झाडीपट्टीतून आलेल्या मुलाने आपल्या बोलीच्या हेलात मॅक्बेथ वाचला तर त्याचे गुण कापू नयेत. त्याला पुढच्या प्रवेशातही तीच भूमिका द्यावी. शिक्षकांस या कामाची सवय नाही हे खरे. त्यासाठी विदर्भ साहित्य संघाने आणि विद्यापीठाच्या मराठी, इंग्रजी व संस्कृत विभागांनी मे महिन्यात आठ दिवसांचे एकत्र वर्ग चालवावे. तिन्ही विभागांची माणसे एका खोलीत बसतील, एवढा एक लाभ तरी त्यातून खात्रीने होईल.

शेवटची हरकत आम्हांस एका मुख्याध्यापकांनीच ऐकविली. चाळीस मुले मोठ्याने नाटक वाचू लागली तर शेजारच्या वर्गास आवाजाचा त्रास होईल, असे ते म्हणाले. तो होईलच. शेजारच्या वर्गास त्या वेळी मैदानावर खेळावयास सोडावे.